कुलाबा स्टेशन : उदय आणि अस्त
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक संमेलनातील व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारी मंडळाने मला दिली, याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. अशा प्रसंगी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र किंवा ज्ञातीच्या उत्पत्तीचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज एका रेल्वे स्टेशनची हकिकत सांगणार आहे, आणि तेही आज अस्तित्वात नसलेल्या स्टेशनची. ज्ञातिसंमेलनाचा आणि मोडून टाकलेल्या स्टेशनचा संबंध काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती गैर नाही. त्या शंकेचे निरसन व्याख्यानाच्या ओघात होईल, अशी मला उमेद आहे.

आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबे आज पश्चिम रेल्वेच्या आश्रयाने नांदत आहेत. कोणी दादरला, कोणी पार्ल्याला, कोणी बोरिवलीला, तर कोणी थेट वसई-विरारला. सकाळी घराबाहेर पडावे, गाडी गाठावी आणि चर्चगेटला उतरावे, हा क्रम आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. चर्चगेट म्हणजे या मार्गाचे टोक, त्यापुढे रूळ नाहीत, ही गोष्ट आपण सूर्याच्या पूर्वेस उगवण्याइतकी स्वाभाविक मानतो. परंतु ती स्वाभाविक नाही. हा मार्ग एके काळी चर्चगेटच्या पुढे दोनेक किलोमीटर दक्षिणेस जात असे आणि कुलाब्यास संपत असे. ते टोक कसे निर्माण झाले, आणि गाड्या भरभरून धावत असताना का छाटले गेले, हा माझा आजचा विषय आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. मुंबईची सात बेटे आपण शाळेत पाठ केली. त्यांतील अगदी दक्षिणेकडील दोन म्हणजे धाकटे कुलाबे व थोरले कुलाबे. मुंबई आणि कुलाबा यांच्यामध्ये खाडी होती. ओहोटीच्या वेळी माणसे पायी जात व भरतीच्या वेळी होडीची वाट पाहत. १८३८ साली सरकारने या खाडीवर दगडी मार्ग बांधून पुरा केला. तोच पुढे कुलाबा कॉजवे या नावाने प्रसिद्धीस आला. मार्ग झाल्याबरोबर व्यापार आला. कापसाचा बाजार किल्ल्याजवळच्या मैदानातून कुलाब्यास गेला, आणि एके काळी कोळी बांधवांची खोपटी, लष्कराच्या बराकी व वेधशाळा एवढेच जेथे होते तेथे कापसाच्या गासड्यांचे डोंगर उभे राहू लागले.

कापसाचा उल्लेख केला, कारण त्याच्यावाचून ही रेल्वे समजत नाही. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, जिला आपले वाडवडील थोडक्यात ‘बीबीसीआय’ म्हणत, तिचा आरंभ मुंबईत झाला नाही. तिच्या मार्गाचा पहिला टप्पा १८६० साली गुजराथेत, अंकलेश्वर ते उत्राण असा सुरू झाला. गुजराथचा कापूस मुंबई बंदरात आणणे हा तिचा एक मुख्य हेतू होता. दक्षिणेकडे सरकत सरकत ती १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडला येऊन पोहोचली. गोविंद नारायण माडगांवकर यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे तो छापला गेला तेव्हा या मार्गाची गाडी मुंबईकरांनी पाहिलीही नव्हती.

नेमक्या याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. १८६१ पासून १८६५ पर्यंत तेथील कापूस विलायतेस जाईना. त्यामुळे हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि मुंबईत इतका पैसा लोटला की तो ठेवावा कोठे हे कळेना. त्या पैशातून बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे तर पेवच फुटले. त्यांतील सर्वांत बोलबाला झालेली कंपनी बॅक बे म्हणजे पश्चिमेकडील उपसागर भरून काढण्यासाठी निघालेली होती. तिच्या शेअरांचे भाव मूळ रकमेच्या कित्येक पटींनी चढले. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि शेअरांचा तो मनोरा एका उन्हाळ्यात भुईसपाट झाला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनकुबेरासही त्याची झळ लागली, मग सामान्य गृहस्थांची कथा काय सांगावी!

कंपनी बुडाली, परंतु किनाऱ्यालगत भरलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी शिल्लक राहिली. मलबार हिलच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या या पट्टीवरून रेल्वेस वाट मिळाली. आपण मरीन लाइन्स व चर्नी रोड या स्टेशनांमधून जातो, तेव्हा एका बुडीत कंपनीच्या भरणीवरून जात असतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या वाटेने गाड्या ‘बॅक बे’ नावाच्या स्टेशनपर्यंत येऊ लागल्या. १२ एप्रिल १८६७ हा दिवस आपल्यासारख्या उपनगरवासीयांनी विशेष लक्षात ठेवावा. त्या दिवशी विरार ते बॅक बे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. जाणारी एक व येणारी एक, एवढाच तिचा पसारा होता. सकाळी पावणेसातास विरारहून निघावे आणि सायंकाळी साडेपाचास मुंबईहून परतावे. त्या वेळच्या स्टेशनांच्या यादीत वसई, बोरिवली, अंधेरी, वांद्रे, माहीम, दादर ही नावे थोड्याफार निराळ्या रूपात आढळतात. गोरेगावाच्या जागी ‘पहाडी’ असे नाव दिसते, आणि वसईच्या दोन पुलांच्या मधोमध ‘पांजू’ नावाचे एक स्टेशन दिसते. पांजू बेट आजही खाडीत आहे, परंतु ते स्टेशन राहिले नाही. १९०० सालापर्यंत एका गाडीच्या पंचेचाळीस झाल्या व वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक उतारू ये-जा करू लागले.

चर्चगेटचे नाव स्टेशन म्हणून १८७० साली प्रथम आढळते. त्यानंतर १८७२ च्या सुमारास रूळ कुलाब्यापर्यंत नेण्यात आले व तेथे मालधक्का बांधण्यात आला. येथे क्रम ध्यानात घ्यावा : मान कापसाचा होता, माणसे मागाहून आली. तथापि, एकदा वाट झाली की माणसे तिचा उपयोग केल्यावाचून राहत नाहीत. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिचा एक मार्ग कुलाब्याहूनच पायधुणीकडे जात असे. १८७५ साली ससून डॉक झाला. रेल्वे, ट्राम, गोदी, कापसाचा बाजार आणि लष्करी छावणी अशी पाच कामे एका टोकास एकत्र आली, आणि कुलाब्याच्या तात्पुरत्या स्टेशनची सोय अपुरी पडू लागली. अखेर ७ एप्रिल १८९६ रोजी कुलाब्यास कायमचे स्टेशन सुरू झाले. कंपनीची चर्चगेटसमोरील मुख्य कचेरी, जी आपण आजही पाहतो, ती त्यानंतर तीन वर्षांनी, १८९९ साली पुरी झाली.

पुढील तीस-बत्तीस वर्षे हा कुलाबा स्टेशनच्या भरभराटीचा काळ होय. उपनगरी गाड्या येथून सुटत, तशाच लांब पल्ल्याच्या गाड्याही सुटत. पेशावरकडे जाणारी प्रसिद्ध फ्रंटिअर मेल १ सप्टेंबर १९२८ रोजी प्रथम धावली, ती कुलाब्याहून. विलायतेची टपाल घेऊन बोटी येत त्या हंगामात ती बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून सुटे. आज तीच गाडी ‘गोल्डन टेंपल मेल’ या नावाने मुंबई सेंट्रलहून अमृतसरपर्यंत जाते. त्याच वर्षाच्या आरंभी, म्हणजे ५ जानेवारी १९२८ रोजी, कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर चालू झाला. कोळशाचा धूर गेला आणि प्रवासाचा वेळ वाचला. विजेचे खांब रोवताना व तारा ताणताना कोणीही म्हटले असते की आता या मार्गास शंभर वर्षे मरण नाही.

आणि त्यानंतर तीन वर्षे पुरी होण्याच्या आत कुलाबा स्टेशन बंद झाले! याचे कारण काय? उतारू कमी झाले म्हणून नव्हे. गाड्या तोट्यात गेल्या म्हणूनही नव्हे. कारण शोधावयाचे तर ते स्टेशनच्या पायाखाली शोधले पाहिजे.

१८६५ साली बुडालेले बॅक बे भरण्याचे स्वप्न पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा जागे झाले. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड होते. त्यांच्या कारकिर्दीत सरकारने स्वतःच हे काम हाती घेतले. चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतचा समुद्र आठ विभागांत भरून काढावा, त्यावर रस्ते व इमारती उभाराव्यात, आणि जमीन विकून खर्च भागवावा, अशी ती योजना होती. खर्च वाढत गेला, भरणीचा चिखल भिंतीखालून वाहून जाऊ लागला, आणि लोक या उद्योगास ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले. बॅरिस्टर के. एफ. नरिमन यांनी या कामातील गैरकारभारावर निर्भयपणे टीका केली, बदनामीचा खटला अंगावर घेतला व त्यातून ते निर्दोष सुटले. आज नरिमन पॉइंट हे नाव आपण रोज उच्चारतो, परंतु ते ज्यांचे आहे त्यांचा लढा याच भरणीविषयी होता, हे थोड्यांच्या लक्षात असते.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेस ओव्हल व कूपरेजची मैदाने आणि जुने शहर. पश्चिमेस समुद्रातून वर येणारी नवी, मोलाची जमीन. आणि या दोहोंच्या मध्ये दक्षिणोत्तर जाणारे रेल्वेचे रूळ. नव्या जमिनीची किंमत यावयाची तर तिला शहराशी जोडणारे रस्ते हवेत, आणि रूळ तर आडवे पडलेले! शिवाय रुळांखालची व मालधक्क्याखालची जमीनही आता शहराच्या ऐन मोक्यावर आली होती. जोपर्यंत पश्चिमेस समुद्र होता तोपर्यंत रेल्वे ही किनाऱ्याची शोभा होती. समुद्र मागे हटताच ती वाटेतील धोंड ठरली. त्याच सुमारास कापसाचा बाजारही कुलाबा सोडून शिवडीच्या बाजूस गेला. ज्या कापसासाठी हे टोक निर्माण झाले तोच निघून गेल्यावर स्टेशनच्या बाजूने बोलणारा वजनदार असा कोणी उरला नाही.

येथे एक गोष्ट विशेष आहे. ज्या कंपन्यांनी सरकारच्या हमीवर हिंदुस्थानात रेल्वे बांधल्या, त्यांना जमीन सरकारने विनामूल्य, परंतु नव्याण्णव वर्षांच्या कराराने दिली होती. पुढे १९०५ साल अखेरीस बीबीसीआय ही रेल्वेच सरकारने विकत घेतली, आणि चालविण्याचे काम तेवढे कंपनीकडे ठेवले. म्हणजे गाड्या कंपनीच्या नावाने धावत होत्या, उतारू तिकिटे कंपनीची काढीत होते, परंतु भूमीचे काय करावयाचे हा निर्णय कंपनीच्या हाती नव्हता, मग उतारूंच्या हाती कोठून असणार? स्टेशनच्या वास्तूस पस्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती, विजेच्या तारा नव्या कोऱ्या होत्या, तरी त्यांचा उपयोग झाला नाही.

निर्णय झाल्यावर काम झपाट्याने झाले. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बेलासिस रोडजवळ नवे स्टेशन बांधण्यात आले. क्लॉड बॅटली यांच्या आराखड्याप्रमाणे ते एकवीस महिन्यांत उभे राहिले, आणि १८ डिसेंबर १९३० रोजी ‘बॉम्बे सेंट्रल’ या नावाने गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. उपनगरी गाड्यांचे टोक चर्चगेट ठरले. ३१ डिसेंबर १९३० च्या रात्रीनंतर कुलाब्याहून गाडी सुटली नाही. नव्या वर्षाच्या सकाळी दक्षिण टोकाच्या रहिवाशांना आगगाडी उरली नव्हती.

आता कोणी म्हणेल, शहर वाढते तेव्हा असे होणारच. रूळ निघाले म्हणून तर ओव्हलच्या पश्चिमेस ती डौलदार इमारतींची रांग उभी राहिली, जिला २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. हे मला मान्य आहे. मी त्या काळच्या अधिकाऱ्यांना दुष्ट किंवा अडाणी म्हणत नाही. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

भरणीच्या आठ विभागांपैकी त्या काळी चारच पुरे झाले, उत्तरेकडील दोन व दक्षिणेकडील दोन. मधला समुद्र समुद्रच राहिला. तो भरला गेला स्वातंत्र्यानंतर, आणि तेव्हा तेथे आल्या कचेऱ्या. सचिवालयाची, म्हणजे आजच्या मंत्रालयाची, इमारत १९५५ साली उभी राहिली. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत नरिमन पॉइंटवर बँका, विमा कंपन्या व मोठमोठ्या पेढ्यांचे मनोरे उभे राहिले. १९८१ साली विधान भवन झाले. म्हणजे ज्या प्रदेशातून १९३० साली रेल्वे उपटून काढली, बरोबर त्याच प्रदेशात पुढे शहरातील हजारो नोकरदारांची रोजची वर्दळ सुरू झाली! रेल्वे अगोदर गेली व तिची खरी गरज मागाहून आली.

त्याची किंमत कोणी भरली? आपण भरली. या सभागृहात असे कुटुंब विरळाच असेल की ज्यातील कोणी तरी सचिवालयात, बँकेत किंवा विमा कचेरीत नोकरी केली नाही. चर्चगेटला उतरून पावसात छत्री सावरीत मंत्रालयापर्यंत केलेली पायपीट, बसच्या रांगेत गेलेली पंधरा-वीस मिनिटे, आणि सायंकाळी तोच क्रम उलटा. एका माणसाच्या एका दिवसात ही गोष्ट क्षुल्लक होय. परंतु तीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब केला, आणि तो हजारो माणसांनी गुणला, म्हणजे एका निर्णयाने माणसांचे किती आयुष्य रस्त्यावर सांडले याची कल्पना येते. जमिनीच्या विक्रीचे आकडे सरकारी दप्तरात मांडले जातात. या पायपिटीचा आकडा कोणत्याच दप्तरात नाही.

कुलाबा स्टेशनच्या जागी आज रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष एफ. सी. बधवार यांचे नाव तिला दिलेले असून ती ‘बधवार पार्क’ म्हणून ओळखली जाते. जवळच मच्छीमार नगर आहे, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कोळी रहिवाशांनी आपली जागा धरून ठेवली आहे. स्टेशन मात्र बोलण्यातूनही गेले. चर्चगेट हेच टोक, हे इतके पक्के झाले की त्यापुढे काही होते असे सांगितले तर तरुण मंडळी हसतात.

आणि आता काळाची गंमत पाहा. ९ ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. या मार्गाचे नाव कुलाबा–वांद्रे–सीप्झ असे आहे, त्याची लांबी सुमारे साडेतेहतीस किलोमीटर आहे, आणि चर्चगेटनंतर विधान भवन व मग कफ परेड अशी त्याची दक्षिणेकडील स्टेशने आहेत. म्हणजे चर्चगेटच्या पुढे उतारूंची गाडी पुन्हा जाण्यास चौऱ्याण्णव वर्षे व नऊ महिने लागले, आणि ती जमिनीखालून न्यावी लागली, कारण जमिनीवर जागाच उरली नाही. जे रूळ एकदा होते, ते परत मिळविण्यासाठी खडक फोडावा लागला. शिवाय या कामासाठी गिरगाव व काळबादेवी येथील कित्येक जुनी घरे उतरविण्यात आली व तेथील कुटुंबांना बिऱ्हाडे हलवावी लागली. गिरगावातील चाळींशी आपल्यापैकी अनेकांचे नाते आहे, तेव्हा ही गोष्ट मला अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

सभ्य स्त्री-पुरुषहो, आरंभी ज्या शंकेचा मी उल्लेख केला तिच्याकडे आता वळतो. या हकिकतीत ज्ञातिसंस्थेने घेण्याजोगे काय आहे? माझ्या मते दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट भूमीची. वास्तू कितीही भक्कम असो, तिचा उपयोग कितीही लोक करोत, ती ज्या भूमीवर उभी आहे त्या भूमीचा अधिकार कोणाचा, यावर तिचे आयुष्य अवलंबून असते. मुंबईत अनेक ज्ञातिसंस्थांची सभागृहे, वसतिगृहे व धर्मशाळा भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभी आहेत. पूर्वजांनी मूठमूठ वर्गणी गोळा करून त्या बांधल्या. पट्टा किती वर्षांचा, त्याची मुदत केव्हा संपते, नूतनीकरणाची अट काय, हे कागद कपाटात पडून राहतात आणि वर्षामागून वर्षे जातात. इमारतीस रंग देण्याची चर्चा प्रत्येक सभेत होते, पट्ट्याची चर्चा क्वचितच होते. कुलाब्यास विजेच्या नव्या तारा होत्या, हे आपण विसरू नये. जेथे जेथे आपण विश्वस्त असू, तेथे तेथे वार्षिक सभेपुढे हिशेबाबरोबर जमिनीचे कागदही वाचले जावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसरी गोष्ट आपल्या आवाजाची. १९३० च्या निर्णयात कापसाचे व्यापारी होते, जमिनीचे खरेदीदार होते, सरकार होते. रोजच्या उतारूच्या वतीने वजनाने बोलणारे कोणी नव्हते. आजही रेल्वेच्या, गिरण्यांच्या व गोदीच्या जमिनींचे काय करावे याविषयी योजना निघत असतात. त्या जाहीर होतात, हरकती मागविल्या जातात, आणि मुदत संपते. आपल्या मंडळींत अभियंते आहेत, वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. ही जागा आज किती रुपयांची आहे, एवढाच प्रश्न विचारला जाऊ नये. पन्नास वर्षांनंतर येथून किती माणसांना जावे-यावे लागेल, हाही प्रश्न विचारणारे कोणी तरी पाहिजे. ते काम संस्थांचे आहे, कारण माणूस पन्नास वर्षे पुढचे पाहण्यास राहत नाही, संस्था राहते.

विस्तारभयास्तव येथेच थांबतो. पट्ट्याविषयीची माझी सूचना कार्यकारी मंडळाने येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी, एवढी विनंती करतो.